चार तारांची शिकवणी

नाशिकमध्ये 'शिकवणी' हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गणित आणि विज्ञान हे दोनच विषय उभे राहतात. गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत या दोन विषयांच्या पाट्या नाहीत अशी गल्ली सापडायची नाही. त्यामुळे "मीही शिकवण्या घेतो," असं म्हटलं की समोरचा गृहस्थ अदबीने विचारतो, "दहावी की बारावी?" मी म्हणतो, "व्हायोलिन." मग जी शांतता पसरते, तशी शांतता मला कुठल्याही मैफलीत अजून मिळालेली नाही. थोड्या वेळाने गृहस्थ सावरतो आणि माणुसकीच्या नात्याने पुढचा प्रश्न विचारतो, "वा, छान छान! आणि पोटापाण्यासाठी काय करता?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते दोनशे वर्षं लांबीचं असल्यामुळे रविवार कारंज्यावर रिक्षा चुकवत उभं राहून देता येत नाही. म्हणून ते इथे देतो.

त्याचं असं आहे, की सारंगी, सतार, तबला ही आपली वाद्यं घराघरांतून आली. बापाकडून मुलाकडे, मामाकडून भाच्याकडे, जुन्या वाड्यासारखी, वारसाहक्काने आणि भाऊबंदकीसकट. व्हायोलिनचं तसं नाही. ते परमुलखातून आलं. इथे ते कुणाच्याच आजोबांचं नव्हतं. त्यामुळे ज्याला ते यायला हवं होतं, त्याला कुणाकडे तरी जाऊन शिकवणी लावण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. आपल्या देशातल्या व्हायोलिनचा इतिहास म्हणजे शिकवण्यांचा इतिहास आहे. या विधानाने माझी पत वाढते हे खरं, पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

आधी या वाद्याचा स्वभाव सांगतो. पेटीला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात. तिथे सूर आपापल्या जागी नावनिशीवार बसलेले असतात, आपण जाऊन दार ठोठावायचं. व्हायोलिनच्या मानेवर काहीही नसतं. त्या काळ्या गुळगुळीत लाकडावर कुठेतरी गंधार राहतो, तो कुठे ते बोटाने शोधायचं आणि कानाने खात्री करून घ्यायची. जुन्या नाशकात, पाटी नसलेल्या वाड्यात, नाव विसरलेल्या माणसाचं बिऱ्हाड शोधण्यासारखाच हा प्रकार. चुकीच्या दारावर थाप मारली, की आतून कुणीतरी ओरडणारच. माझ्या बाबतीत शेजारचे ओरडतात, एवढाच फरक.

दुसऱ्या हातात गज. त्याला घोड्याच्या शेपटीचे दीडशे-दोनशे केस ताणून बसवलेले असतात आणि त्यांना राळ घासायची असते. केस घोड्याचे, आणि तारांखालच्या लाकडाच्या तुकड्याला आपल्याकडे म्हणतात घोडी. पहिले सहा महिने जो आवाज निघतो तो मात्र या दोघांपैकी कुणाचाच नसतो. आमच्या जवळच्या देवळाली कँपाने इंग्रजी भाषेला 'डुलाली' हा शब्द दिला आहे. अर्थ, डोक्यावर परिणाम झालेला. विलायतेला नेणाऱ्या बोटीची वाट बघत गोऱ्या सोल्जरांना तिथे इतके दिवस काढावे लागत, की ते भ्रमिष्ट होत, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. आमच्या इमारतीचं मत असं, की ते बोटीमुळे नव्हे, बोटांमुळे भ्रमिष्ट झाले असावेत. छावणीत कुणीतरी व्हायोलिन शिकत असणार.

आणि तरीही माणसं येतात. माझा सगळ्यात धाकटा विद्यार्थी सहा वर्षांचा आहे. त्याचं व्हायोलिन पाव मापाचं आहे, पण आवाज पूर्ण मापाचा. त्याच्या आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, किती दिवसांत येईल?" मी म्हटलं, "कोण?" एक कॉलेजकुमार आहे. त्याला एकच सिनेमाचं गाणं शिकायचंय आणि तेही एका ठरावीक तारखेच्या आत. कारण मी विचारलं नाही, गाण्यावरूनच समजलं. बँकेतल्या एक बाई आहेत. त्या आठवड्यातून दोनदा मान वाकडी करून बसायला येतात, कारण उरलेले दिवस त्यांना ती खाली घालून बसावं लागतं.

आणि आमचे काका. काका नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले. पहिल्या दिवशी मी त्यांना सुरांच्या खुणा कागदावर काढून दाखवल्या आणि म्हटलं, "काका, या नोट्स." काकांनी कागद उजेडाकडे धरला. ही त्यांची जन्माची सवय. मग म्हणाले, "सर, नाणं वाजवून घेतात हे ठाऊक होतं. नोटही वाजवायची असते हे साठीनंतर कळतंय." काकांचं बोट अजून डगमगतं, पण खोटा सूर मात्र ते पंधरा दिवसांत ओळखायला लागले. इतरांना वर्ष लागतं. स्वतःचं वाजवणं मध्येच थांबवून ते गंभीरपणे जाहीर करतात, "ही बनावट होती."

तर अशी ही माझी पाठशाळा. आता तिचे पूर्वज.

व्हायोलिन सोळाव्या शतकात उत्तर इटलीत जन्माला आलं. क्रेमोना गावच्या आंद्रेआ आमाती नावाच्या कारागिराने त्याला जो घाट दिला, तो जवळजवळ तसाच आजही टिकून आहे. पुढे ते युरोपभर हिंडलं आणि अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या सामानसुमानाबरोबर मद्रासला उतरलं. फोर्ट सेंट जॉर्जमध्ये कंपनीचा बँड वाजत असे. मद्रासजवळच्या मणली गावी तेव्हा दीक्षितर घराणं राहत होतं. त्या घरातले मुत्तुस्वामी दीक्षितर पुढे कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक झाले. त्यांनी बँडच्या चाली ऐकल्या आणि त्यांवर चक्क संस्कृत शब्द बांधले. साहेबाच्या राष्ट्रगीताच्या चालीलाही त्यांनी देवीच्या स्तुतीला जुंपलं. त्यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी (१७८६ ते १८५८) मात्र चालींपाशी थांबले नाहीत. त्यांना ते वाद्यच हवं होतं.

मग घरच्या आश्रयदात्या मुदलियारांनी बँडमधल्या एका युरोपियन वादकाची शिकवणी ठरवून दिली. ती सुमारे तीन वर्षं चालली. आपल्या संगीतातलं व्हायोलिन सुरू होतं ते इथून. राजाच्या फर्मानाने नाही, कंपनीच्या ठरावाने नाही, एका मुलाच्या खाजगी शिकवणीने! मी कित्येकदा तो वर्ग डोळ्यांपुढे आणतो. मास्तरला तमिळ येत नसणार, विद्यार्थ्याला इंग्रजी बेताचंच. मास्तर म्हणत असेल 'डो', विद्यार्थी म्हणत असेल 'सा', आणि दोघांचंही बरोबर असेल. पुढे बालुस्वामी एट्टयपुरमच्या दरबारात विद्वान म्हणून मानाने राहिले. मास्तरचं नाव मात्र पुस्तकं सांगत नाहीत. 'बँडमधला एक युरोपियन वादक' एवढ्यावरच त्याची बोळवण करतात. पोटापाण्यासाठी काय करता, असं त्यालाही कुणीतरी विचारलं असेलच.

यात मराठी माणसाचा संबंध काय, असा प्रश्न आता येणार. तो विचारल्याशिवाय आपल्याला इतिहास पचतच नाही. तर संबंध आहे. व्यंकोजीराजांनी स्थापलेल्या तंजावरच्या गादीवर तेव्हा सरफोजी राजे दुसरे (१७९८ ते १८३२) होते. त्यांच्या दरबारी चार संगीतज्ञ भाऊ होते. 'तंजावर चतुष्टय' म्हणून नृत्यसंगीताच्या इतिहासात ते प्रसिद्ध आहेत. त्यांतला सगळ्यांत धाकटा वडिवेलू. त्याने व्हायोलिन असं काही आत्मसात केलं, की पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये त्याला हस्तिदंती व्हायोलिन नजर केलं. मला गुरुपौर्णिमेला नारळ आणि बॉलपेन मिळतं. तक्रार नाही, हस्तिदंत सांभाळायला घरात जागाही नाही.

मद्रासची वाट ही अशी. दुसरी वाट आपल्याला जास्त जवळची, ती गोव्याची. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि त्यांच्यामागून चर्चचं संगीत आलं. चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना प्रार्थनेबरोबर सूर वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. भाताच्या खाचरांमधल्या गावांतली मुलं कागदावरचं संगीत वर्तमानपत्रासारखं वाचू लागली. मग पोटासाठी ती मुंबईला आली आणि हॉटेलांत, पोलिसांच्या आणि लष्करी बँडांत, नाटक-सिनेमाच्या थिएटरांत वाजवू लागली.

इथे थोडं नाशिकचंही श्रेय घेऊन टाकतो, कारण दुसरं कुणी ते देणार नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला आणि त्याच वर्षी आपलं बिऱ्हाड नाशकात हलवलं. पुढे सगळं देवमंडळ नाशकात पडद्यावर चढायला लागलं, पण मुक्याने! तेव्हाच्या मूकपटांना आवाज पुरवायला थिएटरात पडद्याखाली वादक बसवत आणि मुंबईसारख्या शहरात त्यांत गोव्याचे व्हायोलिनवाले असत. १९३१ मध्ये 'आलम आरा'पासून चित्रपट बोलायला लागला. मग हीच मंडळी पडद्याखालून उठली आणि स्टुडिओत, म्हणजे पडद्यामागे जाऊन बसली. प्रेक्षकांना ती पूर्वी दिसत तरी होती, आता नुसती ऐकू येऊ लागली.

त्यांतले एक गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७ ते २०१२). वादक मोठे, वाद्यवृंदाची मांडणी करण्यात मोठे आणि शिकवण्या घेणारे. त्यांच्याकडे एक मुलगा व्हायोलिन शिकायला येई. त्याचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा स्वतः नावाजलेले ट्रंपेटवादक. म्हणजे बघा, घरात संगीत दाराशी आलेलं, तरी व्हायोलिनसाठी बाहेर शिकवणी लावावीच लागली! हा मुलगा पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतला प्यारेलाल झाला. १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' आला आणि त्यात अमिताभ बच्चन एका मोठ्या अंड्यातून बाहेर पडून ज्या नावाने आपली ओळख करून देतो, ते नाव प्यारेलालजींच्या मास्तरांचं होतं. देशातल्या प्रत्येक गणपतीच्या मांडवात त्या नावावर लोक नाचले. नाचणाऱ्यांपैकी कुणाला ते एका व्हायोलिनच्या मास्तरचं नाव आहे याचा पत्ता नव्हता. तरी गुरुदक्षिणा म्हणून हे फारच झालं. माझ्या कॉलेजकुमाराकडून मी एवढी अपेक्षा ठेवलेली नाही.

पण चर्च आणि सिनेमा सोडून हे वाद्य आपल्या ख्यालगायकीच्या बैठकीत कसं बसलं? 'बसलं' हा शब्द मी मोजून मापून वापरतोय. साहेब व्हायोलिन हनुवटीखाली धरतो आणि उभ्याने किंवा खुर्चीवर वाजवतो. आपण त्याला जमिनीवर आणलं. वादकाने मांडी घालायची, वाद्याचा एक टोकाकडचा भाग खांद्या-छातीशी टेकवायचा आणि दुसरं टोक उजव्या पायाच्या घोट्याशी. वाद्य दोन्हीकडून असं टेकलं, की डावा हात त्याला सांभाळण्याच्या नोकरीतून मोकळा होतो आणि तारेवर हवा तसा घसरू शकतो. मींड निघते ती त्यातून. तारासुद्धा आपण आपल्या सोयीने सा-पच्या जोड्यांत लावून घेतल्या. बाहेरून आलेल्या जावयाला धोतर नेसवावं आणि त्याला ते शोभून दिसावं, तसं झालं.

त्याच्याबरोबरीने आलेल्या दुसऱ्या पाहुण्याचं नशीब मात्र वेगळं. पेटीही युरोपातूनच आली. पण तिचे सूर पट्ट्यांना बांधलेले, दोन सुरांच्या मधल्या जागेत तिला जाताच येत नाही. या कारणावरून १९४० मध्ये तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी घातली, ती १९७१ मध्ये कुठे सैल झाली. व्हायोलिनला कुणी अडवलं नाही. ज्या गोष्टीपायी माझ्या शेजाऱ्यांना त्रास होतो, म्हणजे बोट कुठेही पडू शकणं, त्याच गोष्टीपायी ते शास्त्रीय संगीतात राहिलं.

आता पुन्हा नाशकात या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरल्याशिवाय गाणं मिळायचं नाही अशा काळात त्यांनी वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा अशी सरळ सोय केली. आजच्या भाषेत बोलायचं तर संगीताचा क्लास काढला. हेच पलुस्करबुवा उत्तरायुष्यात पंचवटीत रामनाम आधार आश्रम स्थापून राहिले. त्यांचा मुलगा दत्तात्रेय, म्हणजे आपले डी. व्ही. पलुस्कर, १९२१ मध्ये नाशकातच जन्मले. आता गंमत बघा. बुवांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर. ओंकारनाथांकडे शिकायला आल्या दक्षिणेच्या एन. राजम. इकडे डी. व्ही. पलुस्करांकडे शिकले डी. के. दातार (१९३२ ते २०१८). हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला गळ्यासारखं गायला लावणारी ही दोन मोठी नावं, आणि दोघांचीही एकेक वाट पंचवटीतल्या त्या म्हाताऱ्या गवयापाशी पोचते. बरं, ओंकारनाथ काय किंवा डी. व्ही. काय, त्यांनी शिष्यांना दिलं ते गाणं. वाद्य शिष्य दुसरीकडून शिकून आलेले. बोट कुठे ठेवायचं हे एकाने सांगितलं आणि ते का ठेवायचं हे दुसऱ्याने. गजाननबुवा जोशी (१९११ ते १९८७) तर गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. गाणं आणि वाद्य एकाच माणसात नांदलं. पण हा अपवाद.

या गजाननबुवांच्या शिष्यांपैकी एक प्रभाकर जोग (१९३२ ते २०२१). वडील लवकर गेले, तेव्हा बाराव्या वर्षी हा मुलगा पुण्याच्या वाड्यावाड्यांतून सव्वा रुपया आणि नारळ या बिदागीवर व्हायोलिन वाजवत असे. पुढे सुधीर फडक्यांच्या 'गीत रामायणा'त त्यांचं व्हायोलिन वाजलं आणि 'गाणारं व्हायोलिन' म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. पोटापाण्यासाठी काय करता, या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर दुसरं नाही: सव्वा रुपया आणि नारळ. म्हणून मी माझ्या नारळाला नावं ठेवत नाही.

मी व्हायोलाही शिकवतो. हे सांगितलं, की "म्हणजे व्हायोलिनचं स्त्रीलिंग का?" असं विचारतात. वस्तुस्थिती उलटी आहे. इटालियन भाषेत 'व्हायोलिनो' म्हणजे छोटा व्हायोला. म्हणजे व्हायोला हा थोरला भाऊ. अंगाने जरा थोराड, आवाज पाच सुरांनी खाली, घोगरा आणि समजूतदार. एकत्र कुटुंबातल्या थोरल्यासारखं त्याचं आयुष्य. धाकटा वर चमकतो, लोक त्याचं कौतुक करतात, आणि हा मधल्या सुरांत बसून घर सांभाळतो. तो नसला तर मात्र सगळ्यांना एकदम पोकळ वाटायला लागतं. मोठ्या माणसांनी त्याला ओळखलं होतं. बाख, मोझार्ट हे आवडीने व्हायोला वाजवत; बीथोव्हेन तरुणपणी बॉनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोला घेऊनच बसत असे. आपल्याकडे बालमुरलीकृष्ण गायनाइतक्याच सहजतेने तो हाती घेत.

नाशकात माझा व्हायोलाचा विद्यार्थी एकच, आणि तोही मोसमी. न्यू जर्सीहून सुट्टीत आजोबांकडे येतो. तिकडे शाळेत वाद्यवृंद हा विषय असतो. व्हायोलिनवाले फार झाले म्हणून शाळेने याच्या हाती व्हायोला दिला. आजोबांना ते अपमानास्पद वाटलं. "तुकडी 'ब' मिळाल्यासारखं वाटतं हो," असं ते मला दारात म्हणाले. मी त्यांना आत बसवलं आणि नातवाला मंद्र सप्तकात एकच षड्ज लांब ओढायला सांगितला. आजोबांनी डोळे मिटले, थोड्या वेळाने म्हणाले, "आमचे थोरले बंधू असेच बोलायचे." त्यानंतर तुकडीचा विषय निघाला नाही.

आता एका पेटीची गोष्ट सांगतो. पेटी म्हणजे व्हायोलिनची काळी पेटी. गेल्या पावसाळ्यात एक कुटुंब ती छातीशी धरून आलं. मुलगा, सून, नातू, आणि मागे आजी. माळा आवरताना सासऱ्यांचं व्हायोलिन सापडलं होतं. सुनेने मोबाइलचा प्रकाश वाद्याच्या पोटात पाडला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, आत नाव आहे. स्ट्रॅडिव्हेरियस!" त्या आवाजात तीन खोल्यांचा फ्लॅट होता, पार्किंगसह.

ही वेळ प्रत्येक व्हायोलिनच्या मास्तरवर येते. क्रेमोनाचा अँतोनियो स्ट्रॅडिव्हरी १७३७ मध्ये वारला. त्याच्या हातची सुमारे साडेसहाशे वाद्यं आज जगात शिल्लक आहेत. पण एकोणिसाव्या शतकात जर्मनी आणि बोहेमियातल्या कारखान्यांनी त्याच्या नमुन्यावर स्वस्त वाद्यं काढली आणि आत त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या डकवल्या, हजारोंनी. चिठ्ठी सांगते ती घाटाचं नाव, बापाचं नव्हे. मी म्हटलं, "जिथे 'नाशिकचा चिवडा' लिहिलंय तो प्रत्येक चिवडा नाशिकचा असतो का?" हे उदाहरण नाशिककराला लगेच पटतं. फ्लॅट एक एक खोली करून खाली आला. मंडळींनी चहा घेतला, पेटी उचलली आणि गेली.

दोन दिवसांनी आजी एकट्याच आल्या. पेटी घेऊन, रिक्षाने.

"मुलांना विकायचंय. मला शिकायचंय," त्या म्हणाल्या.

"आजी, तुमचं वय..."

"बहात्तर. गुडघे दुखतात, बोटं दुखत नाहीत. खुर्ची आहे ना तुमच्याकडे?"

मग त्यांनी सांगितलं. "आमचे हे रोज संध्याकाळी एकच वाजवायचे. तेवढंच येत होतं त्यांना. तिसऱ्या ओळीत अडायचे, की पुन्हा पहिल्यापासून. मी आत पोळ्या लाटत असायचे. चव्वेचाळीस वर्षं. कुठे चुकतंय ते मला कळायचं हो."

आणि आजींनी ती गत गुणगुणली. भूपाची साधी गत होती. शिकवण्यांमधून हातोहात फिरत आलेली, मीही विद्यार्थ्यांना देतो ती. तिसऱ्या ओळीत त्या थांबल्या. "इथून वरच्या सा'वर जायचं ना? यांचं बोट अलीकडेच पडायचं." मी ऐकतच राहिलो. भूपात निषाद नाही. बोट सा'पर्यंत न पोचता जरा अलीकडे पडलं, तर ते नेमकं निषादावर पडतं आणि भूप तिथल्या तिथे मोडतो. या बाईंना निषाद हे नाव ठाऊक नव्हतं. पण पोळपाटाशी उभ्या राहून चव्वेचाळीस वर्षं त्या बरोबर त्या जागी दचकत आल्या होत्या.

"त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"विचारलं नाही त्यांनी," आजी म्हणाल्या आणि गजाला राळ लावायला लागल्या. ते कसं करतात हेही त्यांना ठाऊक होतं.

जपानमध्ये शिनिची सुझुकी (१८९८ ते १९९८) नावाचे एक व्हायोलिनचे मास्तर होऊन गेले. वडिलांचा व्हायोलिनचाच कारखाना. त्यांच्या एक दिवस असं लक्षात आलं, की जपानमधली झाडून सगळी मुलं जपानी बोलतात. ऐकल्यावर आपल्याला हसू येतं. पण त्यांचा मुद्दा असा, की एवढी अवघड भाषा प्रत्येक मूल न चुकता शिकतं, कारण ते ती जन्मापासून ऐकत असतं. मग सुरांचंही तसंच शिकवा, आधी पोटभर ऐकू द्या. त्यांनी तीन-चार वर्षांची मुलं घेऊन जगभर चाललेली पद्धत उभी केली. माझ्याकडे त्या पद्धतीची पुस्तकं आहेत. त्यांत चव्वेचाळीस वर्षं ऐकून आलेल्या विद्यार्थ्याचा धडा मात्र नाही.

आजींना आठ महिने लागले. मान, मनगट, गज सरळ ओढणं, यांतून कुणाची सुटका नसते. कान तयार असला तरी हाताला आपली पहिली इयत्ता भरावीच लागते. उलट त्यांना त्रास जास्त. लहान मुलाला आपलं बेसूर वाजतंय हे कळत नाही, म्हणून ते आनंदात असतं. आजींना प्रत्येक वेळी कळायचं. त्या ओठ घट्ट मिटायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या, अगदी आजोबांसारख्या. घरी सरावाला त्या स्वयंपाकघरात बसत. बाहेरच्या खोलीत आवाज नीट लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग एका बुधवारी त्यांनी गत सुरू केली. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीत बोट निघालं, निषादावरून न थांबता पुढे गेलं आणि वरच्या सा'वर जाऊन टेकलं. गज हलला नाही, बोट हललं नाही. मी काही बोललो नाही. आजीही काही बोलल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता चौथी?"

चौथी ओळ त्यांनी कधी ऐकलेलीच नव्हती. त्यांच्या घरात ती कधी वाजलीच नव्हती. कानाने त्यांना जिथवर आणायचं तिथवर आणून सोडलं होतं. इथून पुढे शिकवणी.

मी माझं व्हायोलिन उचललं आणि चौथी ओळ वाजवून दाखवली. त्यांनी ती एकदा ऐकली, दोनदा ऐकली आणि गज तारेवर ठेवला. वाजलं ते काही फार चांगलं नव्हतं. सुरुवातीला बोट लटपटलं, पण सूर आपल्या जागेवर आला. दाराशी नोट प्रेसचे काका उभे होते. त्यांची वेळ होऊन दहा मिनिटं उलटली होती. एरवी ते घड्याळ दाखवतात. मी म्हटलं, "काका, दोनच मिनिटं."

"चालू द्या," काका म्हणाले. "ही खरी आहे."